चारशेबारा गोण्या

बसा माणिकराव, बसा. तुमच्या सातबाऱ्याची झेरॉक्स लाईट आल्याबिगर निघत न्हाई, आन् लाईट काही चारच्या आत येत न्हाई. उगं बाजारात फिरून ऊन खाण्यापरीस चहा घ्या. मघाशी तुमी बोलता बोलता म्हणलात, मेलेलं माणूस कोणाच्या कामाला येत न्हाई. मला राग आला व्हता, पण गिऱ्हाईक म्हणून गप बसलो. आता दोघायलाबी वेळ हाय, तर ऐकाच. मधी मधी ‘खरंच का’ म्हणायचं न्हाई, ते मला खपत न्हाई. पटलं तर पटलं, न्हाई तर झेरॉक्स घ्या आन् रामराम.

सहा वर्सं झाली. दोन हजार तीनचा ऑगस्ट, वार मंगळवार, सकाळचे साडेअकरा. मी ह्याच खुर्चीवर बसून कबड्डीच्या सामन्याचं पत्रक जुळवून राहिलो व्हतो. पंचायतीच्या पोरायनं ‘भव्य’ हा शब्द तीनदा टाकायला सांगितला व्हता आन् माझं डोकं उठलं व्हतं. तेवढ्यात दारात जमनाकाकी उभी राहिली. तिच्या मागं तिची पोरगी, निता.

जमनाकाकी म्हणजे माझ्या दोस्ताची, दिपकची माय. इथून दोन कोसावर त्यायचा तांडा. तिचा नवरा वसरामकाका, तो गेला तेव्हा निता रांगत व्हती. मग मोठा झाल्यावर दिपकनंच घर ओढलं. आन् त्याच वर्षी फेब्रुवारीत दिपकबी गेला. रस्त्यात उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा न्हवता, तो मोटारसायकलवर येऊन राहिला व्हता. चोवीस वर्षांचं पोरगं. जास्ती सांगत न्हाई, सांगवत न्हाई.

काकी खाली बसली, पाणी प्याली. निता उभीच राहिली. तिच्या तोंडावर रंग न्हवता.

“वैजूदादा,” ती म्हणली, “शुक्रवारी समितीपुढं शेवटची तारीख हाय. पणज्याचा कागद पाहिजे. भियानं तुमच्या मशीनवर ठेवला व्हता ना?”

भिया म्हणजे त्यांच्या गोरमाटी बोलीत भाऊ.

आता तुमाला नीट सांगतो. निताला डॉक्टरकीची जागा लागली व्हती. आख्ख्या तांड्यात डॉक्टरकीला चाललेली पहिली पोरगी. पण राखीव जागा, म्हणजे जातीची पडताळणी आली. पडताळणी म्हणजे जुना कागद आला. त्यायच्या घरात असा एकच कागद व्हता, निजामाच्या काळातला, उर्दूतला. वसरामकाकाचा आजा पेमा, त्याचं नाव आन् पुढं ‘कौम लंबाडा’, म्हणजे जात बंजारा. मूळ कागदाची ट्रंकेत वाळवीनं माती केली व्हती. निता तालुक्याला जाऊन आली. तिथला कारकून भला माणूस, त्यानं सांगितलं, “पोरी, बस्त्याचा नंबर आन् पान सांग, दोन दिवसात नक्कल देतो. नंबराबिगर शोधायचं म्हणलं तर कपड्यात बांधलेले चार हजार बस्ते हायत, माझी पेन्शन होईल.” तो नंबर कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेला. कागद दिपकनं स्कॅन करून ठेवलेला. म्हणजे निताची डॉक्टरकी त्या कोपऱ्यात अडकली व्हती.

मी म्हणलं, “हाय की! थांब, आत्ता काढतो.” आन् म्हणता म्हणता माऊसवरचा हात काढून घेतला.

काहून? सांगतो. आधी दिपकनं काय करून ठेवलं व्हतं ते ऐका.

दिपक नांदेडला कॉम्प्युटर शिकला. तिथं त्यानं परदेशातल्या कोणाचं तरी फुकटात मिळणारं काम घेतलं, त्यात आपलं डोकं चालवलं, आन् एक प्रोग्राम उभा केला. नाव ठेवलं ‘लदेणी’. त्यायचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर न्यायचे, त्या चालीला ते लदेणी म्हणतात. ह्या प्रोग्रामला माऊस लागत न्हाई, चित्र न्हाई, बटन न्हाई. नुसता काळा पडदा आन् पांढरी अक्षरं. हातानं हुकूम टाईप करायचा. हुकूम तीनच. ‘लदेणी दे’ म्हणलं की तुमची फाईल दुसऱ्यायला खुली. ‘लदेणी घे’ म्हणलं की दुसऱ्यायची तुमाला. ‘लदेणी कोण’ म्हणलं की ह्या घडीला कोण कोण जोडलंय त्यायची नावं, आन् कोणाकडं किती टक्के माल हाय ते. मधी कोणी मोठा मालक न्हाई. फाईलीचे तुकडे पडायचे, त्याला दिपक गोणी म्हणायचा. एका बैलावर सगळा माल कधी लादायचा न्हाई, असं त्याचं म्हणणं. ज्याच्याकडं जी गोणी, त्यानं ती दुसऱ्याला द्यायची.

तांड्यातल्या घराघराचे जुने कागद त्यानं असे चढवले व्हते. माझ्याकडं, कुरुंद्याला सोनाजी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा त्याच्याकडं, आन् नांदेडच्या होस्टेलात हिरासिंग व्हता त्याच्याकडं. चौथी मशीन खुद्द दिपकची. नियम एकच घालून दिला व्हता. घेतलं की लगेच उठायचं न्हाई. जेवढं घेतलं तेवढं कोणाला तरी देईस्तोवर मशीन चालू ठेवायची. मी कुरकुर करायचो, लाईन गुंतती, गिऱ्हाईकं बोंबलतात. तो म्हणायचा, “वैजू, पंगतीतून आधी उठणारा माणूस मला आवडत न्हाई.”

तर दिपक गेला. तिसऱ्या दिवशी राख घेऊन आमी पैनगंगेवर गेलो. काकीनं संग एक बोचकं आणलेलं, आपल्या जुन्या घागऱ्यात बांधलेलं. मला वाटलं कपडे असतील. तिनं गाठ सोडली तर आत दिपकचा कॉम्प्युटर. पडदा न्हाई, तो खालचा डबा. म्हणली, “ह्याच्यासमोर बसून माजं लेकरू हसायचं. एकट्याला नको जायला त्याला.” आन् राखेमागं तो डबा डोहात सोडून दिला.

मी तिथंच उभा व्हतो, माणिकराव. मला ठाऊक व्हतं त्यात काय हाय. सगळ्या तांड्याचे कागद, पुरेपूर, शंभर टक्के. पण त्या माऊलीच्या तोंडाकडं बघून माझी जीभ उचलली न्हाई. आन् मनात म्हणलं, माझ्याकडं हायेत की. डबा गेला, वर बुडबुडे आले, मग तेबी थांबले.

मग मे महिना आला. लग्नसराई. पत्रिकांनी माझी मशीन गच्च भरली, जागाच उरली न्हाई. मी आपल्या हातानं दिपकच्या फाईली पुसल्या. म्हणलं, सोनाजीकडं हायेत की! सोनाजीनं तर अर्ध्यातच सोडलेलं, कारण वैजूकडं हायेत की! हिरासिंगनं जागेपायी थोड्या गाळल्या, कारण त्या दोघायकडं हायेत की! दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर तीन घरं व्हती.

हे सगळं मला त्या मंगळवारी, निता समोर उभी असताना आठवलं. असं वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. पण खोटं बोललो न्हाई. म्हणलं, “निता, मी पुसले.”

ती फरशीकडं बघत राहिली. रडली असती, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काकीनं तेवढं इचारलं, “आता?”

मी सोनाजीला फोन लावला, हिरासिंगच्या होस्टेलात फोन लावला. म्हणलं, असेल ते आत्ताच्या आत्ता चढवा. दोघंबी धावले. मी मॉडेम लावला, तो किरकिरला, करवादला, लाईन लागली. काळा पडदा उघडला. टाईप केलं, लदेणी घे.

पेमाच्या कागदाच्या चारशेबारा गोण्या. येऊ लागल्या. सोनाजीकडच्या ह्या, हिरासिंगकडच्या त्या. पाऊण वाजायच्या आधी चारशेएक आल्या, आन् थांबल्या. अकरा गोण्या दोघायकडंबी न्हवत्या. मी फाईल तशीच उघडून बघितली. पिवळा कागद दिसला, उर्दूतल्या ओळी दिसल्या, खालचा शिक्का दिसला. वरचा कोपरा मात्र राखाडी. जिथं नंबर पाहिजे तिथंच नुसता राखाडी पट्टा.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते असं.

ऑगस्ट असून पाऊस तोंड दाखवत न्हवता. बाहेर ऊन मी म्हणून राहिलं व्हतं, बाजारात कुत्रं न्हवतं. समोरच्या टेलरनं शटर अर्धं पाडून आत ताणून दिलेली. आमच्याकडं म्हणतात, बाराच्या ठोक्याला आन् त्याच्या पुढच्या घटकाभर एकट्यानं विहिरीवर जाऊ नये. मी असलं मानणारा न्हवतो. मला एवढंच कळत व्हतं की एक वाजता लाईट जाणार. त्या वर्षी भारनियमनावर घड्याळ लावावं असं व्हतं.

सवयीनं मी टाईप केलं, लदेणी कोण.

पहिली ओळ, सोनाजी. दुसरी ओळ, हिरासिंग.

आन् बघता बघता खाली तिसरी ओळ उमटली. दिपक. शंभर टक्के.

मी डोळे चोळले. मग माझं टाळकं सरकलं. सोनाजीला मोबाईल लावला आन् सुरूच झालो. “हरामखोरा, मेलेल्या माणसाच्या नावानं चेष्टा करतो? त्याची माय हितं बसली हाय!” तिकडून सोनाजीचा आवाज बारीक झाला. म्हणला, “वैजू, आईच्यान मी न्हाई. मलाबी दिसून राहिलं… मी तुलाच इचारणार व्हतो.” मग हळूच म्हणला, “त्याची मशीन कोणी घेतली?”

मी फोन ठेवला. त्याची मशीन कोणी घेतली ते मी डोळ्यानं बघितलं व्हतं.

निता पडद्याजवळ आली. तिनं ती ओळ वाचली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दोघांनीबी काकीला काही सांगितलं न्हाई.

पडद्यावर आकडा हलला. चारशेदोन.

तेव्हा तो वास आला. आधी मला वाटलं नालीचा. न्हाई. ओल्या गाळाचा वास, शेवाळाचा, डोहाच्या काठावर उकिडवं बसलं की येतो तो. फरशी कोरडी ठणठणीत. मी मशीनच्या डब्यावर हात ठेवला. दोन तास चालली की ती तव्यावानी तापायची. त्या दिवशी माठावानी गार लागली. मी हात काढून घेतला, पँटला पुसला, तर हात कोरडाच.

चारशेतीन. बऱ्याच वेळानं चारशेचार.

काकी आमच्या तोंडाकडं बघून राहिली व्हती. लेकराचं मायपासून काय लपतं? ती उठली आन् टेबलावरचा फोन, त्याच लाईनीचा, तिनं उचलून कानाला लावला. मी ओरडलो, “काकी, ठेवा! लाईन तुटंल!” इंटरनेट चालू असताना तो फोन उचलला की सगळं बंद पडायचं, दहादा पडलेलं. 

लाईन तुटली न्हाई.

काकी ऐकत उभी राहिली. डोळे मिटलेले. मी कुजबुजलो, “काय ऐकू येतंय?”

“पाणी…” ती म्हणली. “पाणी वाजून राहिलं.”

तिनं फोन छातीशी धरला. मग पुन्हा कानाला लावला. “गार पाण्यात हाय लेकरू,” एवढंच बोलली. पुढं त्या माय-लेकी आपल्या बोलीत काहीतरी बोलल्या, मला सगळं कळलं न्हाई. निताचा हात आपल्याच तोंडावर व्हता.

पळून जावं वाटलं. खोटं कशाला बोलू? हा दरवाजा चार पावलावर व्हता आन् बाहेर लख्ख ऊन व्हतं. पण मी उठलो असतो तर मशीन कोणी सांभाळली असती? एकदा पुसून बसलो व्हतो, पुन्हा पंगतीतून उठायचं न्हाई, असं दात खाऊन ठरवलं. खुर्ची टेबलाला आणखी जवळ ओढली.

चारशेसात झाल्या आन् एक वाजला. पंखा थांबला. समोरच्या टेलरचा रेडिओ गप झाला. टेबलाखालच्या यूपीएसनं टीं टीं सुरू केलं. ते यूपीएस म्हणजे म्हातारा बैल, तीन मिनिटांच्या वर कधी चाललं न्हाई. मी मनात म्हणलं, झालं. संपलं.

तीन मिनिटं झाली. पाच झाली. टीं टीं चालूच. दुकानात अंधारल्यावानी झालेलं, फक्त पडद्याचा उजेड निताच्या तोंडावर. गाळाचा वास इतका वाढला की घशाशी येऊन राहिला. चारशेआठ… चारशेनऊ… त्या पोराला हे ओझं जड चाललेलं, हे मला कळत व्हतं. एकेक गोणी जणू दम खाऊन वर आणून ठेवायचा.

“ये बाबा,” मी म्हणलं. मोठ्यानं म्हणलं, लाज वाटली न्हाई. “चुकलं माझं. ये एवढ्या बारीला.”

चारशेदहा.

चारशेअकरा.

मग काहीच न्हाई. यूपीएसचा आवाज लांबला, जनावर हंबरावं तसा. निता पडद्याला हात लावून उभी व्हती.

चारशेबारा.

मी फाईल उघडली. राखाडी पट्टा गेला व्हता. वरच्या कोपऱ्यात, काळ्या शाईत, आकडे. बस्ता दोनशेसदतीस, पान एकोणीस. उर्दूतले आकडे वेगळे असतात, पण दिपकनं त्यांच्याच बाजूला मराठीत लिहून ठेवलेलं. नितानं आधी तळहातावर लिहिलं, मग कागदावर, मग माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तिचा काही भरवसाच बसत न्हवता. मी ती फाईल फ्लॉपीवर घेतली, दोन फ्लॉप्यांवर घेतली.

काकी म्हणली, “वैजनाथ, आता त्याला सांग, बस कर म्हणून. दमला असंल.”

मी म्हणलं, “काकी, तसा हुकूमच न्हाई ह्याच्यात.”

पण सांगायची गरज पडली न्हाई. तिसरी ओळ आपसूक पुसली गेली आन् पाठोपाठ यूपीएस बंद पडलं. एक वाजून एकवीस मिनिटं झाली व्हती.

बुधवारी कारकुनानं बस्ता काढला, गुरुवारी नक्कल हातात पडली, शुक्रवारी समितीनं कागद मान्य केला. निता औरंगाबादला शिकायला गेली. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला. मी सोनाजीला आन् हिरासिंगला बसवून त्या चारशेबारा गोण्या पुऱ्या घ्यायला लावल्या, आन् तांड्यातल्या बाकी घरांचे जेवढे कागद तिघांत मिळून निघाले तेवढे ज्याच्या त्याच्या घरी छापून दिले. मंदिरात मी कधी नीट हात जोडत न्हाई, बायको बोलती त्यावरून. पण पैनगंगेच्या पुलावरून एस.टी. गेली की माझे हात आपोआप जोडले जातात. त्या पोराचे उपकार हायेत माझ्यावर. मी त्याचं पुसलं आन् त्यानं माझी लाज राखली. ह्याच्यापुढं भीतीला काय किंमत? भीती वाटली, व्हय, वाटली. पण उपकार मोठे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुमाला सांगितलं नसतं, कारण तुमी म्हणला असता, कोणीतरी नांदेडला बसून चेष्टा केली असंल.

ह्या वर्षी मार्चात निता पास होऊन आली. डॉक्टर निता वसराम. पेढे घेऊन थेट दुकानात, संग काकी. काकी आता वाकली, पण नवीन लुगडं नेसलेली. नितानं प्लास्टिकच्या पिशवीतून आपलं प्रमाणपत्र काढलं आन् म्हणली, “दादा, हे स्कॅन करा. भियाला द्यायचं हाय.”

 सहा वर्सं मी लदेणी उघडली की ‘कोण’ इचारायला भ्यायचो. पण त्या दिवशी स्कॅन केलं, टाईप केलं, लदेणी दे. सकाळचे दहा वाजले व्हते, रस्त्यावर जीपवाले ‘सेनगाव, सेनगाव’ ओरडत व्हते. सोनाजीचा क्लास बंद झालेला, हिरासिंग पुण्याला नोकरीवर. ह्या जगात लदेणी चालू असलेली मशीन माझी एकटीच.

लदेणी कोण.

जरा वेळ पडदा कोराच व्हता. मग ओळ आली. दिपक. शून्य टक्के, दहा, चाळीस, शंभर. दम खाल्लाच न्हाई बगा, ओढूनच घेतलं त्यानं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. काकी हसली, रडली, पेढ्याचा तुकडा मोडून टेबलावर ठेवला. निताबी रडून राहिली व्हती आन् मीबी. आमी तिघंबी येड्यावानी हसत व्हतो.

तेवढ्यात दुसरी ओळ आली. वसराम.

वसरामकाकानं उभ्या जन्मात कॉम्प्युटर बघितलेला न्हवता. तो गेला तेव्हा आपल्या ह्या गोरेगावात फोनसुद्धा दोनच व्हते. मी नाव घेतलं तसा काकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, नवरा दारातून आत आल्यावानी. काकाचं सावकाश चाललेलं, पण थांबत न्हवतं. अर्धं झालं, पुरं झालं. निता पुटपुटली, “बापूनं बघितलं, याडी… बापूनं बघितलं माझं.” याडी म्हणजे आई. वासरागत चिकटली पोरगी आईला.

मी हुकूम बंद करायला हात पुढं केला आन् थबकलो. तिसरी ओळ आली व्हती.

तिला नाव न्हवतं. नावाच्या जागी नुसती रिकामी जागा. आता दिपकनं प्रोग्राम असा केलेला की नाव टाकल्याबिगर तो चालूच होत न्हाई, मी लाख बारी बघितलेलं. आन् ही ओळ बिननावाची, आन् हळूहळू, अगदी हळूहळू घेऊन राहिलेली. एक टक्का. मग बराच वेळ काही न्हाई. मग दोन.

“दादा, कोण हाय?” नितानं इचारलं.

“कोणी न्हाई,” मी म्हणलं. “म्हणजे… हाय, पण नाव न्हाई.”

काकीचं हसू गेलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग ती निताकडं न बघता बोलली.

“दिपकच्या पाठीवर एक झालं व्हतं. पाचव्या दिशी गेलं. नाव ठेवायचं राहूनच गेलं.”

निताला हे ठाऊक न्हवतं. तिच्या तोंडावरून दिसलं. मला कुठून असणार? तांड्यात बी आता कोणाला आठवत नसंल. काकीनं खुर्ची ओढली, पडद्यासमोर नेली आन् बसली. तिला अक्षर येत न्हाई, पण ती त्या रिकाम्या जागेकडंच बघत व्हती.

“किती झालं त्येचं?” तिनं इचारलं.

“तीन टक्के, काकी.”

“लहान हाय,” ती म्हणली. “सावकाश घेईल. तू दुकान बंद नको करू.”